पळसावरचे पाहुणे

मुलांनो,

मागच्या महिन्यातली गोष्ट. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आठवड्यात आमच्या शाळेची सहल निघाली. पहाटे साडेचारला मुरुडच्या स्टँडवर बेचाळीस मुलं, आम्ही तीन शिक्षक आणि दशम्या-चटणीच्या पिशव्या! जायचं होतं नांदेडला. गुरुद्वारा पाहायचा, गोदावरी पाहायची आणि त्याआधी विद्यापीठ पाहायचं.

“विद्यापीठात काय असतंय ओ बाई? झोके असतेत का?” आमच्या चौथीतल्या एका मुलानं विचारलं. हा मुलगा झोपेतसुद्धा प्रश्न विचारतो. त्याचं नाव इथे छापलं तर तो लाजेल, म्हणून आपण त्याला ‘प्रश्नोबा’ म्हणू या.

“झोके नसतात रे. विद्यापीठ म्हणजे कॉलेजच्याही पुढचं शिक्षण. तिथे मोठी माणसं शिकतात आणि न सुटलेले प्रश्न सोडवत बसतात.”

“मंग मला तिथंच ठिवून या!” प्रश्नोबा म्हणाला, आणि सगळी बस हसली.

लातूर गेलं, चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोहा मागे पडलं आणि थोड्या वेळानं विष्णुपुरी आली. इथे गोदावरीवर धरण आहे, आणि इथेच आहे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालं. १७ सप्टेंबर ही तारीख मराठवाड्यातल्या मुलांना सांगायला नको. १९४८ साली याच दिवशी आपला भाग निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत शिकवत होते, बरं का! एका शिक्षकाचं नाव विद्यापीठाला आहे, याचा आम्हा शिक्षकांना जरा जास्तच अभिमान वाटतो.

मेलेलं झाड?

फाटकाशी आमची वाट पाहत उभा होता आमच्याच शाळेचा एक जुना विद्यार्थी. तो आता इथे जीवशास्त्रात एम. एस्सी. करतो. मुलांनी त्याला लगेच ‘दादा’ करून टाकलं. मला वाटलं होतं, दादा आधी प्रयोगशाळा दाखवील, सूक्ष्मदर्शक दाखवील. पण त्यानं आम्हाला नेलं आवारातल्या एका उघड्या माळावर. तिथे एक वाकडंतिकडं झाड होतं. पान एकही नाही.

“हे तर वाळून गेलंय की ओ दादा,” प्रश्नोबा म्हणाला.

“जरा इकडून ये,” दादानं त्याचा हात धरून दोन पावलं बाजूला नेलं. उन्हाकडची बाजू दिसली आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम “आऽऽ” निघालं. अख्खी फांदी केशरी! जणू कुणी झाडाला निखारे चिकटवले होते. पळस होता तो.

“आता पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही,” दादा म्हणाला. “झाडावर कोण कोण येतं ते बघायचं, मोजायचं आणि लिहायचं. चार गट करा. हलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. पक्षी आपल्या आवाजापेक्षा आपल्या हातवाऱ्यांना जास्त घाबरतात.”

पंधरा मिनिटंच का? दादानं ते नंतर सांगितलं. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभरातले लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. १९९८ साली ही मोजणी उत्तर अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ पासून जगभर होऊ लागली. भारतातली कित्येक विद्यापीठं आणि कॉलेजं त्याच चार दिवसांत आपल्या आवारातले पक्षी मोजतात. नियम अगदी सोपा. एका जागी निदान पंधरा मिनिटं थांबायचं आणि जेवढं दिसेल तेवढंच लिहायचं. सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजलं, तर मुरुडचा आकडा आणि मुंबईचा आकडा शेजारीशेजारी ठेवता येतो. विज्ञानात नुसतं पाहून भागत नाही. दुसऱ्यालाही तसंच पाहता आलं पाहिजे.

बेचाळीस मुलं पंधरा मिनिटं गप्प! माझ्या नोकरीत हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आधी एक साळुंकी आली. मग दोन बुलबुल. मग एक चमचमता जांभळा-काळा शिंजीर, अंगठ्याएवढा. सातभाईंचं टोळकं भांडत आलं आणि भांडतच गेलं. एक खार फुलात तोंड खुपसून बसली. कावळासुद्धा आला आणि फुलातला मध चाखून गेला. आणि मग एकदम पंखांचा सरसर आवाज झाला, आणि झाडावर एक थवाच उतरला. डोकं काळं, पंख काळे, डोक्यावर तुरा आणि पाठ-पोट फिक्कट गुलाबी.

दादा हळूच म्हणाला, “पळसमैना.”

तेवढ्यात मागून एक रागीट आवाज आला. “पळसमैना कशाच्या! ह्या तर भोरड्या हायती. आमची ज्वारी खात्यात!”

भोरडीची बाजू

बोलणारी मुलगी पाचवीतली. ती बरोबर बोलत होती. पळसमैना आणि भोरडी एकच. पळसाच्या फुलांवर दिसते म्हणून पळसमैना. ज्वारीवर उतरली की तिची भोरडी होते! आपल्याकडे कणसं भरायला लागली की थवेच्या थवे येतात. या मुलीचे आबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात, आणि ही डबा वाजवून वाजवून कंटाळते. मग तिला राग येणारच.

दादानं तिची समजूत घातली नाही. त्यानं मान हलवली. “खरंय तुझं. ती ज्वारी खाते. पण उन्हाळ्यात ती कुठे जाते, माहीत आहे?”

कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, खरं सांगते.

हा पक्षी आपल्याकडचा नाही, पाहुणा आहे. एप्रिल संपता संपता तो निघतो आणि हजारो किलोमीटर उडत मध्य आशियात आणि त्याच्याही पश्चिमेला पूर्व युरोपच्या कडेपर्यंत जातो. तिथल्या दगडांच्या खबदाडीत तो मोठ्या वस्त्या करून घरटी बांधतो आणि पिलांना खाऊ घालतो नाकतोडे आणि टोळ. टोळधाड म्हणजे काय, हे आजोबांना विचारा. शेतच्या शेत फस्त करतात टोळ. म्हणून चीनच्या शिनजियांग भागात १९८०च्या दशकापासून लोकांनी या पक्ष्यासाठी मुद्दाम दगड-विटांची घरटी रचली. का? तर त्यानं यावं, राहावं आणि गवताळ रानातले टोळ खावेत. औषध फवारण्यापेक्षा पाहुणा परवडला!

“म्हंजी तिकडं त्याला बोलवतेत, आन् आपण हाकलतो,” प्रश्नोबा म्हणाला.

“ज्वारी पेरणाऱ्यानं हाकलायलाच पाहिजे,” दादा हसला. “पण हाकलताना त्याची पूर्ण ओळख असावी. अर्धी ओळख धोक्याची.”

फुलाच्या आत

मग दादानं खाली पडलेलं एक फूल उचललं. पळसाचं फूल कधी उघडून पाहिलंय तुम्ही? देठाशी मखमली काळपट वाटी असते. तिच्यातून पाच केशरी पाकळ्या निघतात. त्यांतल्या दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या असतात. त्या चोचीत लपलेले असतात दहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर. मध असतो तळाशी. पक्ष्यानं मधासाठी चोच आत घातली की पाकळी दाबली जाते, केसर बाहेर येतात आणि पराग पक्ष्याच्या डोक्याला लागतात. पक्ष्याला कळतही नाही. तो पुढच्या फुलावर जातो आणि टपाल पोचतं!

पळसाच्या फुलाला मोगऱ्यासारखा वास का नाही, तेही लक्षात आलं ना? बहुतेक पक्षी फुलाचा वास काढत हिंडत नाहीत, रंग पाहून येतात. म्हणून वास नाही, पण रंग मात्र लांबून दिसणारा. आणि पानं नसल्यामुळे तो आणखी लांबून दिसतो.

आता पानांचं. “पळसाला पाने तीनच” ही म्हण तुम्हाला पाठ आहे. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतील, ती तीन पानं नाहीतच! ते एकच पान आहे, त्याच्या पर्णिका तीन. पण पत्रावळी लावणाऱ्या आजीला त्याचं काय? आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर एकही पान नसतं. झाड पानांतूनच पाणी हवेत सोडतं. ऊन तापू लागलं, जमीन वाळू लागली की पळस पानं टाकून देतो, म्हणजे तोटीच बंद करतो. मुळं खोल गेलेली असतात. जपून ठेवलेल्या ताकदीवर तो फुलतो. पाऊस येण्याआधी त्याच्या चपट्या शेंगा वाऱ्यावर उडून जातात, आणि पडला पाऊस की बी रुजायला तयार.

२०१६चा उन्हाळा आठवतो मला. तुमच्यातले कित्येक जण तेव्हा जन्मलेही नव्हते. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घागरींच्या रांगा रात्रभर असायच्या. त्या वर्षीही मुरुडजवळच्या माळावरचा पळस फुलला होता. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. आता वाटतं, पाण्याची काटकसर कशी करावी हे आमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी शिकवत उभं होतं, आणि आम्ही त्याला वाळकं झाड समजत होतो.

धुऱ्यावरचा पळस

सहल संपली. आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी ती पाचवीतली मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. “बाई, आमच्या धुऱ्यावर बी एक पळस हाय. काका म्हणतेत, त्याच्यावरच भोरड्या बसतेत अन् तिथून ज्वारीत उतरतेत. औंदा ज्वारी निघाली की जेसीबी लावून धुरा सपाट करणारेत. दोन काकऱ्या जास्त निघतील म्हणे.”

मी काय सांगणार? शेत त्यांचं, पोट त्यांचं. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ ही घोषणा भिंतीवर लिहायला सोपी आहे. मी स्वतः दर जुलैमध्ये मुलांकडून रोपं लावून घेते, आणि मार्चमध्ये त्यांतली किती उरली ते मोजायला जात नाही. त्या दिवशी पहिल्यांदा गेले. तीस रोपांतली सात उरली होती. लाज वाटली, पण वहीत लिहिलं. खरा आकडा लिहिला नाही तर पुढच्या जुलैमध्ये पुन्हा तेच होणार.

मग मी त्या मुलीला म्हटलं, “काका म्हणतात ते खरं आहे का, हे आपण मोजून बघू या का?”

आम्ही पाच दिवस सकाळी सातला गेलो. सहा मुलं, मी आणि दोन वह्या. पंधरा मिनिटं पळसावर नजर, पंधरा मिनिटं ज्वारीवर आणि पंधरा मिनिटं शेजारच्या हरभरा निघालेल्या मोकळ्या रानावर.

काय दिसलं सांगू? काकांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. भोरड्या पळसावर बसत आणि त्यांतल्या काही ज्वारीत उतरत. हे आम्ही लिहिलं. पण जास्त भोरड्या ज्वारीत येत होत्या त्या पळसावरून नाही, ओढ्याकडच्या विजेच्या तारांवरून. तेही लिहिलं. मोकळ्या रानात त्या जमिनीतून काहीतरी टिपत होत्या. दोनदा चोचीत नाकतोडा स्पष्ट दिसला. आणि पळसावर पाच दिवसांत भोरड्यांशिवाय आणखी नऊ जातींचे पक्षी आले. त्यांत एक कोतवाल होता. फुलांवर जमलेले किडे तो उडत उडत पकडत होता.

ती वही त्या मुलीनं रात्री आबांना वाचून दाखवली. काकाही तिथेच जेवत होते. काका म्हणाले, “तारा काय मी तोडू का आता?” आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “औंदा ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली पुन्ना मोजा, मंग बगू.”

पळस वाचला असं मी म्हणणार नाही. एक वर्ष मिळालं. पण ते माझ्या भाषणानं मिळालं नाही, एका पाचवीतल्या मुलीच्या वहीनं मिळालं.

आपलं जंगल कुठे आहे?

आपला लातूर जिल्हा राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. जिल्ह्याच्या एकूण जमिनीच्या एक टक्कासुद्धा जंगल नाही. मग पक्षी राहतात कुठे? विद्यापीठाच्या आवारात, शाळेच्या मैदानात, देवळामागच्या वडा-पिंपळावर, ओढ्याच्या काठी आणि शेताच्या धुऱ्यावर. आपलं जंगल असं तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं आहे. एकेक तुकडा एवढा लहान, की तो गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तर नोंद पाहिजे. जे लिहिलेलं असतं, ते गेलेलं कळतं.

जपानमधल्या क्योतो शहरात चेरीची फुलं कधी बहरली, याच्या नोंदी सुमारे बाराशे वर्षांपासूनच्या मिळतात. दरबारातल्या मंडळींनी, भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत सहज लिहून ठेवलं, आज फुलांचा उत्सव झाला. त्यांना कुठे ठाऊक होतं, की पुढे शास्त्रज्ञ त्याच ओळी जोडून दाखवतील, हवा तापते आहे आणि बहर पूर्वीपेक्षा लवकर येतो आहे! आपल्या देशातही ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम आहे. त्यात शाळेतली मुलं एक झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं पाहून लिहितात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला शोध लावला तो दिवस २८ फेब्रुवारी १९२८. म्हणून त्या दिवशी आपण विज्ञान दिन पाळतो. समुद्र निळा का दिसतो, या प्रश्नापासून त्यांचा विचार सुरू झाला होता. प्रश्न साधाच, पण त्यांनी तो सोडला नाही.

करून पहा

१. जवळचं एक झाड निवडा. पळस नसेल तर कडुनिंब घ्या, पाडव्याच्या सुमारास तो मोहरतो. पिंपळ घ्या, त्याची तांबूस कोवळी पालवी आता फुटते आहे. बहावा घ्या, तो एप्रिल-मेमध्ये पिवळा होईल.

२. दर रविवारी एकाच वेळी जा. वहीत तारीख लिहा आणि कळ्या, फुलं, कोवळी पानं, फळं यांच्यापुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ लिहा.

३. पंधरा मिनिटं बसून पक्षी मोजा. नाव माहीत नसेल तर रंग, आकार, चोच लिहा, चित्र काढा. एकही पक्षी आला नाही तर ‘शून्य’ लिहा. शून्य हीसुद्धा नोंदच आहे.

४. थवा कसा मोजायचा? आधी घरी सराव करा. ताटात मूठभर ज्वारी पसरा. डोळ्यांनी दहा दाण्यांचा एक गठ्ठा ठरवा, असे किती गठ्ठे होतील याचा अंदाज करा आणि दहानं गुणा. मग एकेक दाणा मोजून पडताळा. पाच-सहा वेळा केलंत की अंदाज जवळ येऊ लागतो. आकाशातला थवाही असाच मोजतात. (मोजलेली ज्वारी आईला परत द्या!)

५. घरट्याजवळ जाऊ नका, फांदी हलवू नका, फुलं तोडू नका. खाली पडलेली उचला. एकटे रानात जाऊ नका, आणि विहिरीजवळ तर नाहीच.

तुमच्या नोंदी मला जरूर कळवा. आमच्या वर्गानं फळ्याच्या कोपऱ्यात ‘पळसाचा फळा’ केला आहे. रोज एक ओळ तिथे लिहिली जाते. काल प्रश्नोबानं लिहिलं, “आज भोरड्या १२. परवा ६० होत्या. निघाल्या वाटतं.”

आणि खाली दुसऱ्या अक्षरात, त्या पाचवीतल्या मुलीनं, “नीट जा.”

पुढच्या आठवड्यासाठी एक मीटर लांबीची सरळ काठी तयार ठेवा. मार्चच्या २० तारखेच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी होतात. त्या दिवशी भर दुपारी मुरुडला या काठीची सावली साधारण ३३ सेंटिमीटर पडते. तेवढ्या सावलीवरून आपलं गाव पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे आहे ते शोधता येतं. कसं? ते पुढच्या अंकात!

तुमची,
बाई